सिमेन टेस्टला (वीर्यतपासणीला) जाताय? नुसता काउंट (शुक्राणूंची संख्या) बघू नका भो

आपल्याकडे जळगाव घ्या नाहीतर धुळं, लग्नाला दोन वर्षं झाली अन् मूल नाही की पहिले सूनबाईला दवाखान्यात नेतात, मग सोनोग्राफी, मग कुठल्यातरी बाबाचा अंगारा, आणि पोराची तपासणी सगळ्यात शेवटी, तीही तो तयार झाला तर. खरं तर सगळ्यात बिनत्रासाची टेस्ट त्याचीच असते.

टेस्टच्या आधी किमान २ आणि जास्तीत जास्त ७ दिवस गॅप ठेवा, म्हणजे तेवढे दिवस वीर्य बाहेर काढायचं नाही. सॅम्पल शक्यतो लॅबमध्येच द्या, लाजू नका, त्यांचं ते रोजचं काम आहे. घरून न्यायचंच असेल तर डबी लॅबची घ्या, थुंकी-साबण-तेल काही लावायचं नाही आणि साधा निरोध तर बिलकुल नाही, त्यानं शुक्राणू मरू शकतात. पहिला भाग सांडला तर तसं सांगून टाका, जास्तीत जास्त शुक्राणू त्यातच असतात. अर्ध्या-पाऊण तासात पोचवा, डबी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवा, गाडीच्या डिक्कीत चुकूनही नको, मे महिन्यात भुसावळचं ऊन काय असतं ते तुम्हाला सांगायला नको.

आता रिपोर्ट. सगळ्यांची नजर काउंटवर जाते, १६ मिलियन प्रति मिलीच्या वर दिसला की पेढे वाटायच्या तयारीत. पण काम तिथं संपत नाही, पुढचं बरंच काम एन्झाईम (शरीरातल्या क्रिया घडवून आणणारी प्रथिनं) करतात. वीर्य बाहेर आल्यावर आधी घट्ट चिकट होतं, मग प्रोस्टेट ग्रंथीमधून आलेलं पीएसए नावाचं एन्झाईम त्याला पातळ करतं (हो, तेच पीएसए, वयस्कर माणसांच्या रक्तात तपासतात ते). रिपोर्टमध्ये हे लिक्विफॅक्शन म्हणून येतं, बहुतेक वेळा १५ ते ३० मिनिटांत होतं, ६० मिनिटं उलटूनही घट्टच राहिलं तर डॉक्टरांना मुद्दाम विचारा.

दुसरी गोष्ट शुक्राणूच्या डोक्यावरची. तिथं टोपीसारखी एक पिशवी असते, अ‍ॅक्रोसोम, तिच्यात अ‍ॅक्रोसिनसारखी एन्झाईम भरलेली. स्त्रीबीजाभोवती पेशींचा चिकट थर असतो, तो सैल करायला हायल्युरोनिडेज नावाचं एन्झाईम लागतं, आणि आतलं जाड कवच पार करायला अ‍ॅक्रोसोमची एन्झाईम आणि शेपटीचा जोर दोन्ही लागतात. टोपी वेळेआधीच फुटली तर तो शुक्राणू नुसता पळत राहतो, आत जाऊ शकत नाही. साध्या रिपोर्टमध्ये एन्झाईमचा वेगळा रकाना नसतो, पण मॉर्फोलॉजी (शुक्राणूंचा आकार) बघा, नॉर्मल आकाराचे ४ टक्के असले तरी चालतं, उरलेले ९६ वेडेवाकडे दिसले म्हणून घाबरू नका. मात्र सगळ्यांची डोकी गोल आणि टोपीच नाही असं लिहिलं असेल (क्वचित असतं) तर घरी वाट बघत बसू नका, तिथं डॉक्टर बहुतेक इक्सीचाच सल्ला देतात, त्यात शुक्राणू सुईनं थेट बीजात सोडतात.

वीर्यात शुक्राणूंना सांभाळणारी एन्झाईमही असतात, कॅटालेज वगैरे, पण तंबाखू, गुटखा, बिडी चालू असली की नुकसान त्यांच्या आवाक्याबाहेर जातं. दिवसभर भट्टीसमोर उभं राहणारे, व्हेरिकोसीलवाले (अंडकोषाच्या शिरा फुगलेले), यांनी डॉक्टरला हे आधीच सांगायचं, अंडकोषांना शरीरापेक्षा दोन-चार डिग्री थंडच लागतं. आणि जिममध्ये कुणी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन देत असेल तर भो, त्यानं ताकद दिसेल पण शुक्राणू बनणं बंद पडू शकतं. मेडिकलमधून स्वतःच्या मनानं शक्तीच्या गोळ्या पण नकोत.

एका खराब रिपोर्टवर रडत बसू नका, मधे तापबिप येऊन गेला तरी आकडे घसरतात. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७० ते ७५ दिवस लागतात, म्हणून आज गुटखा सोडला तर पुढच्या आठवड्यात फरक शोधू नका, तीन महिन्यांनी परत टेस्ट करा, शक्यतो त्याच लॅबमध्ये आणि गॅपही पहिल्याइतकाच ठेवून. बायकोचं वय ३५ च्या पुढे असेल तर मात्र हे तीन महिने नुसते थांबू नका, दोघांची तपासणी सोबतच चालू ठेवा.