पॉलिशर कोणता घ्यावा आणि त्याला पॅड कोणते लावावे

काळी किंवा गडद निळी गाडी दुपारच्या उन्हात उभी केली, की बॉनेटवरच्या सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसू लागतात. ते गोल भासतात, प्रत्यक्षात मात्र सरळच असतात. प्रकाशाच्या बिंदूभोवती जे ओरखडे आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून डोळ्याला वर्तुळ दिसते. त्यांतले बरेचसे रस्त्यावर पडलेले नसतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज सकाळी धुळीवरून कोरडा कपडा मारला जातो, त्यातून ते पडतात.

मशीन पॉलिशने हे ओरखडे जातात, पण ते भरले जात नाहीत. त्यांच्या आजूबाजूचा क्लिअरकोट ओरखड्याच्या तळापर्यंत घासून सपाट केला जातो. कारखान्यातून आलेल्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन जाडी असते आणि त्यात वरचा पारदर्शक क्लिअरकोट बहुधा 40 ते 50 मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदापेक्षाही पातळ. घासलेला थर परत येत नाही, त्यामुळे यंत्र आणि पॅड निवडताना ‘कमीत कमी घासून काम कशाने भागेल’ हाच प्रश्न आधी विचारावा.

यंत्राचे मुख्य प्रकार तीन. डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये ‘रबिंग’साठी जे दिसते ते रोटरी: त्याची चकती एकाच अक्षाभोवती, मिनिटाला साधारण 600 ते 3000 फेरे फिरते. ते वेगाने कापते, म्हणजे थर घासून काढते, पण सगळी उष्णता एका जागी साठवते आणि हात जरा वाकडा पडला की उन्हात हलणाऱ्या सावल्यांसारखे होलोग्राम मागे ठेवते. मुरलेल्या कारागिराच्या हातात रोटरी उत्तमच चालते. घरी वर्षातून दोनदा काम करणाऱ्याने तिच्या वाटेला न गेलेले बरे. ग्राइंडरला स्पंज बसवून पॉलिश करण्याची युक्ती तर पूर्णपणे टाळावी, कारण साध्या चार इंची ग्राइंडरचा वेग 11,000 फेऱ्यांच्या घरात असतो आणि तेवढ्या वेगाने बॉनेटची कड क्षणात प्रायमरपर्यंत उघडी पडते.

दुसरा प्रकार ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजेच डीए. यात चकती स्वतःभोवती फिरते आणि त्याच वेळी मध्यापासून सरकून लहान वर्तुळातही फिरते. स्वतःभोवतीचे फिरणे मोकळे असल्याने जास्त दाब पडला की ते थांबते आणि यंत्र नुसते थरथरत राहते. नवशिक्याला हा दोष वाटतो, पण रंग वाचतो तो याच गुणामुळे. लहान वर्तुळाच्या व्यासाला ‘थ्रो’ म्हणतात. 8, 15 आणि 21 मिलिमीटर हे नेहमी आढळणारे आकडे आहेत. मोठ्या थ्रोमध्ये सपाट छप्पर-बॉनेटचे काम लवकर उरकते, मात्र वळणदार दारावर आणि बंपरवर चकती अडखळते. तिसऱ्या प्रकारात दोन्ही गती गिअरने जोडलेल्या असतात, त्यामुळे दाबाने फिरणे थांबत नाही. जर्मनीच्या फ्लेक्सचे एक्ससी 3401 हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. कापते चांगले, पण हाताला जड आणि धक्के देणारे असते.

घरच्या एक-दोन गाड्यांसाठी माझे मत स्पष्ट आहे: 15 मिलिमीटर थ्रोचा, वेग कमी-जास्त करता येणारा, पाच इंची बॅकिंग प्लेटचा (म्हणजे पॅड जिच्यावर चिकटतो त्या चकतीचा) डीए घ्यावा. इटलीच्या रुपेससारखी महागडी यंत्रे कमी थरथरतात, दिवसभर चालवली तरी दमत नाहीत. पण ज्याला दोन रविवारच काम करायचे आहे त्याने तो फरक विकत घेण्यापेक्षा ते पैसे पॅडवर घालावेत. दुकानात यंत्र हातात धरून पाहावे. अडीच किलोचे वजन पाच मिनिटांत जाणवत नाही, दाराच्या खालच्या भागाशी अर्धा तास वाकल्यावर जाणवते. अमेरिकेतल्या नातेवाइकाने आणलेले यंत्र असेल तर ते 120 व्होल्टचे आहे का ते आधी वाचावे, नाहीतर आपल्या 230 व्होल्टवर पहिल्याच दिवशी जळायचे.

आता पॅड. खरी निवड इथे आहे, कारण रंगाला यंत्र स्पर्श करत नाही, पॅड करतो. लोकरीचा पॅड सर्वांत जास्त कापतो, मायक्रोफायबरचा त्याखालोखाल. फोममध्ये कडक कटिंग, मध्यम पॉलिशिंग आणि मऊ फिनिशिंग असे प्रकार मिळतात. पॅडच्या रंगावरून कडकपणा ठरवू नये. एका कंपनीचा नारिंगी पॅड कडक असतो, तर दुसऱ्या कंपनीचा तोच रंग मध्यम असू शकतो. अंगठ्याने दाबून पाहावे आणि पाकिटावरचे वर्णन वाचावे. पॅड बॅकिंग प्लेटपेक्षा थोडा मोठा असावा, म्हणजे पाच इंची प्लेटला साडेपाच इंची, कारण प्लेटची उघडी कड रंगाला लागली की नवा ओरखडा तयार. संख्येत कंजुषी नको. फोम तापला आणि पॉलिशने ओला झाला की मऊ पडतो आणि कापेनासा होतो, म्हणून एका गाडीला किमान पाच-सहा पॅड हाताशी असावेत. आरशाखाली आणि काचांमधल्या अरुंद खांबांवर काम करायचे तर तीन इंची प्लेट व पॅड वेगळे लागतात.

गाडी धुऊन, क्ले बारने (मातीसारख्या मऊ वडीने) रंगाला चिकटलेले कण काढून, सावलीत थंड झालेल्या बॉनेटवर दीड-दोन फुटांचा चौकोन मास्किंग टेपने आखावा. पहिला प्रयोग सर्वांत सौम्य जोडीने, म्हणजे मध्यम फोम आणि बारीक पॉलिशने करावा. पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब घ्यावेत, यंत्र रंगाला टेकवूनच सुरू करावे, आधी कमी वेगाने पॉलिश पसरावे आणि मग वेगाचे बटण चार-पाचच्या आकड्यावर ठेवून आडवे-उभे मिळून चार ते सहा हात, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर अर्धी चढवत, सावकाश फिरवावेत. बॅकिंग प्लेटच्या कडेला स्केच पेनने एक रेघ मारून ठेवावी: रेघ फिरताना दिसली तर काम होत आहे, एका जागी थरथरताना दिसली तर दाब कमी करावा. मग पुसून टॉर्चच्या उजेडात पाहावे. ओरखडे राहिले तरच कडक पॅडकडे वळावे. त्यातून धूसरपणा आला तर मऊ फोमने पुन्हा फिरवावे. जोडी जमली की तीच सगळ्या गाडीवर वापरावी.

नखाला अडकणारा ओरखडा पॉलिशने पूर्ण जाईल ही आशा सोडावी. तो जाईपर्यंत क्लिअरकोटच शिल्लक राहत नाही. कडांवर टेप लावावी, कारण तिथे थर मुळातच पातळ असतो. प्लॅस्टिकच्या बंपरमधून उष्णता पत्र्यासारखी पसरत नाही, तेव्हा तिथे यंत्र कमी वेगात आणि सतत हलते ठेवावे. ज्या गाडीला पूर्वी दुसऱ्यांदा रंग मारला आहे तिचे मोजमाप जाडी मोजणाऱ्या मीटरने करून घ्यावे. पत्र्यावर भलताच मोठा आकडा आला तर खाली पुट्टी आहे असे समजावे.

प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडावा. काम संपताच तो कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावा आणि पिळण्याऐवजी दाबून पाणी काढावे, मग सावलीत वाळवावा. ओला पॅड डब्यात बंद केला तर वास येतोच, शिवाय मागचे वेल्क्रो डिंकापासून सुटते आणि पुढच्या वेळी चालू यंत्रावरून निघून थेट काचेवर आपटते.