सॅलरी कॅपचं काम शिकायचं असेल तर

पुण्यात सीएची आर्टिकलशिप करून मी अमेरिकेत क्रीडा-कायदा शिकायला आले, तेव्हा एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची, सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगारखर्चावरची मर्यादा) सांभाळायची म्हणजे खेळाडूंच्या पगारांची बेरीज करायची, एवढंच डोक्यात होतं. वर्गातल्या पहिल्याच सराव-गणितात माझ्या संघाकडे कॅपखाली भरपूर जागा शिल्लक दिसली. सरांनी विचारलं, "कॅप होल्ड कुठे धरलेत?" करार संपला तरी संघ हक्क सोडत नाही तोवर त्या खेळाडूच्या नावावर एक रक्कम धरावी लागते. ती धरली आणि सगळी जागा संपली.

म्हणून आधी खेळाडू संघटना आणि लीग यांच्यातला मूळ करारच वाचा. जाडजूड आहे, पण त्याला पर्याय नाही. २०२५-२६ ची कॅप साधारण १५ कोटी ४६ लाख डॉलर, आणि तीही ओलांडता येते. काय मोजायचं याचेही नियम आहेत, बोनसचंच बघा: ज्या कामगिरीसाठी तो असतो ती खेळाडूने मागच्या हंगामात केली असेल, तर बोनस 'लाइकली' (मिळण्याची शक्यता असलेला) ठरून कॅपमध्ये मोजला जातो. म्हणजे कराराच्या शेजारी गेल्या वर्षीची आकडेवारीही उघडी हवी.

खरी कसोटी लागते ती कॅप चुकवण्यासाठी दिलेला, कागदावर नसलेला पैसा शोधताना. इथे 'जो स्मिथ' या खेळाडूचं प्रकरण मुळापासून समजून घ्या. एका संघात तीन हंगाम काढले की 'बर्ड राइट्स' मिळतात आणि कॅप ओलांडूनही तो संघ त्या खेळाडूला मोठा करार देऊ शकतो. मिनेसोटा टिंबरवुल्व्ह्ज या संघाने याचाच फायदा घ्यायचं ठरवलं. स्मिथने एकेका वर्षाचे स्वस्त करार करायचे आणि पुढे घसघशीत रक्कम घ्यायची, असं गुपचूप लिहून ठेवलं. एजंटांचं आपसात भांडण होऊन ते कोर्टात गेलं, तेव्हा हा कागद बाहेर आला. २००० साली लीगचे कमिशनर डेव्हिड स्टर्न यांनी संघाला ३५ लाख डॉलर दंड केला आणि पहिल्या फेरीतल्या पाच ड्राफ्ट निवडी (नवे खेळाडू निवडण्याचे हक्क) काढून घेतल्या. त्यातल्या दोन नंतर परत मिळाल्या. पाच निवडी म्हणजे छोट्या शहरातल्या संघाचं अख्खं भविष्य! चाहत्यांनी कुठला कागद पाहिला होता? मला हे काम मोलाचं वाटतं ते त्यांच्यासाठी.

ऑडिटमध्ये 'रिलेटेड पार्टी' (मालकाशी जोडलेल्या कंपन्या किंवा माणसं) शोधायची सवय लागलेली असते, ती इथे फार उपयोगी पडते. नावाजलेला खेळाडू बाजारभावापेक्षा कमी पैशांत सही करतो, तेव्हा मालकाच्या इतर कंपन्या आणि खेळाडूचे जाहिरात-करार शेजारी ठेवून तारखा जुळवा. लेखी पुरावाच हवा असंही नाही. एखादा करार दुसऱ्या कशानेच पटत नसेल, तर तेही पुरावा म्हणून धरता येतं. मात्र कमी पगाराला घर, वय, दुखापत अशी साधी कारणंही असतात, ती आधी तपासा. उगाच संशय घेतला तर माणसाचं नाव खराब होतं.

नोकऱ्या लीगच्या न्यूयॉर्क कार्यालयात, संघांकडे, खेळाडू संघटनेत आणि एजन्सींमध्ये असतात. अमेरिकेतल्या ट्युलेन विद्यापीठाच्या बास्केटबॉल करार-वाटाघाटी स्पर्धेत जमलं तर जरूर उतरा. आणि आजच एक संघ निवडून त्याचा पूर्ण ताळेबंद हाताने मांडा, कॅप होल्डसकट.