केमिकल कंपनीतला इमर्जन्सी प्लॅन: नाईट शिफ्टच्या कंत्राटी माणसाला कळेल असा बनवा

ऑनसाईट इमर्जन्सी प्लॅन, म्हणजे कंपनीच्या आत अपघात झाला तर कुणी काय करायचं ते, कागदावर असतोच हो, पण तो कपाटात, किल्ली सेफ्टी ऑफिसरकडे आणि साहेब जनरल शिफ्टला, मग रात्री अडीचला क्लोरीनचा टनर (टनभर गॅसचा मोठा सिलिंडर) लीक झाला तर काय करायचं?

म्हणून आधी वारा. सायरन वाजला की सगळे सवयीने मेन गेटकडे पळतात, आणि वारा गेटकडेच वाहत असेल तर गॅसही तिकडेच येणार! म्हणून असेंब्ली पॉइंट, म्हणजे सगळ्यांनी जमायच्या जागा, दोन पाहिजेत, वेगवेगळ्या दिशांना, आणि विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) प्रत्येक डिपार्टमेंटमधून दिसला पाहिजे, रात्रीसुद्धा, म्हणजे त्याच्यावर लाईट मारा. गॅस अंगावर येत असेल तर वाऱ्याला आडवं निघायचं आणि मग वळसा घालून वारा जिकडून येतोय त्या बाजूला जायचं. क्लोरीन हवेपेक्षा अडीच पट जड, खड्ड्यात, गटारात, तळघरात साचतो, त्यामुळे खाली लपायचं नाही. अमोनिया हलका, पण लिक्विड सांडलं तर थंडगार पांढरा ढग जमिनीलगतच सरकतो, त्याला हलका समजून फसू नका.

मग हजेरी. परमनंटची पंचिंगमधून निघते, कंत्राटी लोकांची कोण घेणार? त्यांच्या सुपरवायझरकडे त्या शिफ्टची नावं कागदावर पाहिजेत, ड्रायव्हर-क्लीनर धरून, नाहीतर आत कोण राहिलंय तेच कळत नाही आणि कुणीतरी उगाच शोधायला आत शिरतो.

ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणाच्या, टाकीत तर हमखास असंच होतं, एक पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो, मग तिसरा. हायड्रोजन सल्फाईडला सडक्या अंड्याचा वास येतो खरा, पण प्रमाण वाढलं की नाकच बधीर होतं, वास गेला म्हणजे गॅस गेला असं नाही. एससीबीए (पाठीवर हवेचा सिलिंडर असलेला मास्क) घातल्याशिवाय आणि वर दोर धरायला माणूस असल्याशिवाय कुणीही उतरायचं नाही, सख्खा भाऊ आत असला तरी. साधा फिल्टरवाला मास्क तिथे बिनकामाचा, ऑक्सिजनच नसेल तर तो गाळणार काय?

डोळ्यात केमिकल गेलं तर आयवॉशवर (डोळे धुवायच्या नळावर) किमान १५ मिनिटं पाणी, आणि ते पाणी येतंय का हे दर आठवड्याला नळ सोडून बघा, बऱ्याच ठिकाणी पुढे ड्रम रचलेले असतात. ११२, १०१, १०८ हे नंबर गेटवर मोठ्या अक्षरात लिहा.

धोकादायक रसायनांच्या १९८९ च्या नियमांप्रमाणे मॉक ड्रिल (अपघाताची रंगीत तालीम) दर सहा महिन्यांनी घ्यावीच लागते, पण ती सकाळी अकराला फोटो काढायला घेऊ नका, एकदा तिसऱ्या शिफ्टला घ्या, आणि सूचना मराठीबरोबर हिंदीतही द्या, कारण लोडिंगवरची अर्धी पोरं बाहेरच्या राज्यातली असतात.