राखीव किंमत हा न बोलणारा बोलीदार असतो

ऑनलाइन लिलावात पहिल्यांदा बोली लावली ती कॅमेऱ्याच्या एका जुन्या लेन्ससाठी. पडद्यावर किंमत दिसत होती ६२. (आकडे कोणत्याही चलनातले समजा, हिशेब तोच राहतो.) मी ६५ लिहून बटण दाबलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत लाल अक्षरं आली: तुमच्यापेक्षा मोठी बोली आहे, किंमत ६६. मी ७० केले, तर ७१. ८० केले, तर ८१. मला वाटलं, पलीकडे कुणीतरी बोट बटणावर ठेवून बसलंय आणि मुद्दाम माझ्याशी चढाओढ करतंय. मी इरेला पेटले. ९६ वर थांबले तेव्हा हात थरथरत होते, आणि लेन्स त्याच माणसाला ९७ ला गेली.

दुसऱ्या दिवशी बोलींची यादी उघडून पाहिली. त्याच्या बोलीसमोर दोन दिवसांपूर्वीची वेळ होती. म्हणजे मी रात्री बटणं दाबत होते तेव्हा तो समोर नव्हताच. त्याने एकदाच आपला कमाल आकडा लिहून ठेवला होता आणि बाकीचं काम यंत्रणा करत होती. मी मध्ये पडले नसते तर ती लेन्स त्याला ६२ लाच मिळाली असती. माझ्या बोलींनी एवढंच झालं की त्याचा खर्च ३५ ने वाढला.

नव्याने येणाऱ्यांना मी सगळ्यात आधी हेच समजावते. तुम्ही जो आकडा लिहिता ती तुमची किंमत नसते, ती तुमची मर्यादा असते. ईबेसारख्या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर यंत्रणा तुमच्या वतीने बोली लावते, आणि दुसऱ्याला मागे टाकायला लागेल तेवढीच लावते. तुमची मर्यादा १२०, दुसऱ्याची ९०, तर किंमत ९१ वर थांबते. १२० ची गोष्ट कुणाला कळतही नाही. दोघांनी अगदी सारखाच आकडा लिहिला, तर ज्याने आधी लिहिला तो पुढे राहतो. म्हणून मी १०० किंवा १५० असे गोल आकडे कधीच लिहीत नाही. बहुतेकांचं मन गोल आकड्यावर येऊन थांबतं, तेव्हा १०३.४० सारखा आकडा अनेकदा उपयोगी पडतो.

बोलीच्या पायऱ्याही, म्हणजे पुढची बोली किमान कितीने वाढवायची ते, ठरलेल्या असतात. ईबेच्या अमेरिकी साइटवर २५ ते ९९.९९ डॉलरच्या टप्प्यात पायरी १ डॉलरची आहे, १०० ते २४९.९९ पर्यंत अडीच डॉलरची. जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाच्या मर्यादेवर साधारण एक पायरी द्यायची, हा सगळ्याचा गाभा. अर्थशास्त्रज्ञ विल्यम विकरी यांनी १९६१ मध्ये याच प्रकारच्या लिलावाचा अभ्यास मांडला. बंद पाकिटात बोली द्यायची, जिंकेल सर्वात मोठी बोली, पण पैसे द्यायचे दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतके. असं असेल तर वस्तू आपल्याला खरोखर जेवढ्याची वाटते तेवढाच आकडा लिहिण्यात आपलं हित असतं, कमीही नाही आणि जास्तही नाही. त्यांना १९९६ मध्ये नोबेल पुरस्कार जाहीर झाला आणि तीन दिवसांतच ते गेले. ऑनलाइन लिलाव तंतोतंत विकरींचा लिलाव नाही, इथे दुसऱ्यांच्या बोली दिसत राहतात आणि मन बदलता येतं. तरी शांत डोक्याने एकदाच मर्यादा ठरवा हा सल्ला इथेही लागू पडतो.

आता यादीबद्दल. ‘२३ बोली’ असं दिसलं की नवखा माणूस बिचकतो. यादी उघडा आणि माणसं मोजा. कित्येकदा त्या २३ बोली चौघांच्याच असतात. त्यातही एक जण पाच-पाच सेकंदांनी एकेक पायरी चढत गेलेला दिसतो. तो पुढच्याची मर्यादा कुठे आहे ते चाचपत असतो, जसं मी त्या रात्री नकळत केलं. अशा माणसाची भीती बाळगू नका, पण लिलाव संपायला चार दिवस असताना आपला आकडा त्याच्यासमोर ठेवूही नका. आणखी एक नजर मागे घेतलेल्या बोलींवर टाका. कुणी प्रचंड आकडा टाकून पुढच्याची मर्यादा उघडी पाडतो आणि मग बोली मागे घेतो, हे घडतं. एकाच विक्रेत्याच्या वस्तूंवर सतत बोली लावणारं आणि कधीच न जिंकणारं खातं दिसलं, तर मी तो लिलाव सोडून देते. विक्रेत्याने स्वतः किंवा ओळखीच्याकडून किंमत चढवणं अनेक देशांत गुन्हा आहे, पण आपले पैसे त्यात अडकल्यावर ते सिद्ध करत बसणं फार जड जातं.

राखीव किंमत मला समजली ती एका कॅमेऱ्यामुळे. सुरुवातीची किंमत होती १०, आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: राखीव किंमत गाठलेली नाही. मी ते वाचलं आणि सोडून दिलं. लिलाव संपला तेव्हा सर्वात मोठी बोली माझी होती. कॅमेरा माझा झाला असं मी धरूनच चालले होते. तो विकलाच गेला नव्हता. विक्रेत्याने मनाशी एक आकडा ठरवून यंत्रणेला सांगून ठेवला होता, त्याखाली वस्तू द्यायची नाही म्हणून, आणि आम्ही सगळे त्या आकड्याच्या खालीच एकमेकांशी लढत होतो.

सुरुवातीची किंमत सगळ्यांना दिसते, राखीव किंमत बहुधा दिसत नाही. ती गाठली की नाही एवढंच कळतं. तेव्हापासून मी राखीव किमतीला आणखी एक बोलीदार मानते. तो कधी बोलत नाही, पण त्याला मागे टाकल्याशिवाय वस्तू कुणाचीच नाही. यंत्रणाही जवळपास तसंच वागते. एकदा किंमत ५५ दिसत होती आणि मी मर्यादा २०० लिहिली, तर आकडा एकदम १४० वर गेला. काहीतरी बिघडलं असं वाटून मी मदतीचं पान शोधायला लागले. बिघडलं काहीच नव्हतं. माझी मर्यादा राखीव किमतीच्या वर असल्यामुळे यंत्रणेने मला थेट राखीव किमतीवर नेऊन ठेवलं होतं. पुढे कुणी १५० लिहिले असते, तर नेहमीसारखी एक पायरी चढून मी १५२.५० वर गेले असते. एरवी आपण पुढे असताना आपलीच मर्यादा वाढवली तर किंमत हलत नाही. राखीव किंमत गाठायची बाकी असेल आणि नवी मर्यादा तिच्या वर गेली, तर मात्र हलते. पुष्कळ जण इथे गोंधळतात.

अशा लिलावात मी विक्रेत्याला सरळ विचारते, राखीव किंमत सांगाल का? काही जण सांगतात. सांगितलेला आकडा माझ्या मर्यादेच्या वर असेल तर माझा आठवडा वाचतो. लिलाव न विकता संपला, तर विक्रेता सर्वात मोठ्या बोलीवाल्याला वेगळा प्रस्ताव पाठवू शकतो, पण तो ईबेच्या व्यवस्थेतून आला असेल तरच घ्या. बाहेर पैसे पाठवा म्हणणाऱ्याला नाही म्हणा.

विकायला बसलात तर मात्र मी लपवलेल्या राखीव किमतीच्या विरुद्ध आहे. रमा कटकर आणि डेव्हिड रायली या संशोधकांनी ईबेवर पोकेमॉन खेळाच्या पत्त्यांचे लिलाव जोड्या लावून केले. सारखाच पत्ता, एकदा राखीव किंमत लपवून, एकदा तोच आकडा सुरुवातीची किंमत म्हणून उघड ठेवून. लपवल्यावर विक्रीची शक्यता कमी झाली आणि गंभीर बोलीदारही घटले. माझाही अनुभव तोच. एक ट्रायपॉड राखीव किंमत ठेवून दोनदा परत आला. तिसऱ्यांदा तोच आकडा सुरुवातीची किंमत म्हणून लिहिला आणि तो पहिल्या दिवशीच्या एकमेव बोलीवर गेला.

शेवटच्या मिनिटाबद्दल थोडं. ईबेवर लिलाव ठरल्या वेळी संपतो. पूर्वीच्या ॲमेझॉन लिलावांत शेवटी बोली आली की वेळ वाढायची. अर्थशास्त्रज्ञ आल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स यांनी दोन्हींची तुलना केली, तेव्हा शेवटच्या क्षणी बोली लावणारे ईबेवर कितीतरी जास्त सापडले. वेळ वाढत असेल तर घाई करून काही हाती लागत नाही. वेळ पक्की असेल तर मी शेवटच्या दहा सेकंदांत एकदाच लिहिते, कारण चाचपणाऱ्याला उत्तर द्यायला वेळ उरत नाही. आकडा मात्र आदल्या दिवशीच कागदावर लिहिलेला असतो, टपालखर्च वजा करून.

मागच्या खेपेला त्या कागदावर १६३.४० होते. लेन्स दुसऱ्या कुणाला १७० ला गेली आणि मी संगणक बंद केला. तीन आठवड्यांनी तीच लेन्स दुसऱ्या विक्रेत्याकडे आली, सुरुवात ९०, राखीव किंमत नाही. कागद तोच होता. दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाने ११५.५० पर्यंत साथ दिली, आणि मला ती ११८ ला मिळाली.