आडसाली उसाच्या लावणीआधी मुळांतली बुरशी सांभाळा

राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात कुणी डीएपीसारखं स्फुरदाचं (फॉस्फरसचं) खत टाकत नाही. तिथल्या तांबड्या जांभ्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद घट्ट धरून ठेवतात. तरी जांभूळ, हिरडा, अंजनी जोमानं वाढतात, कारण त्यांच्या मुळांत मायकोरायझा बुरशी वस्तीला असते. स्फुरद मातीत फारसा सरकत नाही. मुळाच्या भोवतीचा एक-दोन मिलिमीटरमधला संपला की मूळ उपाशीच. बुरशीचे तंतू केसाहून बारीक. मूळ शिरणार नाही अशा फटींतून ते पुढं जातात आणि स्फुरद, जस्त, तांबं आणून देतात. बदल्यात झाड त्यांना पानांत तयार झालेली साखर देतं.

जंगलातला ओला पाला उचलला की खाली पांढरे धागे दिसतात. ते बहुतेक पाला कुजवणाऱ्या बुरशीचे. आपल्याला हवी ती मुळाच्या आत असते, सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाही. म्हणून जंगलातली माती पोत्यात भरून आणू नका.

ऊस, सोयाबीन, भुईमूग, मिरची, नाचणी, काजू या सगळ्यांशी या बुरशीचं जमतं आणि ती आपल्या रानातही असते. आपणच तिला मारतो. जुलैत आडसाली लावणार असाल तर आधी माती परीक्षण करा. स्फुरद भरपूर निघाला तर त्याचा डोस शिफारशीप्रमाणे कमी करा, कारण आयता स्फुरद मिळाला की पीक बुरशीला थारा देत नाही. खोडव्याचं (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाचं) पाचट कृपा करून पेटवू नका, सरीत पसरा. नांगरटही गरजेपुरतीच, कारण दर फाळाला तंतूंचं जाळं तुटतं.

कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी या पिकांच्या मुळांत ही बुरशी वाढत नाही. त्यांच्यामागून ऊस घेणार असाल तर मधे ताग करा, त्याच्या मुळांत ती वाढते.

या बुरशीची विकतची पावडर घ्यायची तर मुदत बघून घ्या, सावलीत ठेवा. वरून फेकून उपयोग नाही. जिवंत मुळाशिवाय ही बुरशी वाढत नाही, त्यामुळं पावडर मुळाला चिकटली पाहिजे. ट्रेमधलं उसाचं रोप लावताना खड्ड्यात टाकून त्यावरच रोप बसवा. आजरा-चंदगडकडं काजूची कलमं लावतानाही पिशवी फाडल्यावर मुळांच्या गड्ड्यालगतच टाका. बुरशीनाशकाच्या द्रावणात ती कधीही मिसळू नका, आणि बेण्याला बुरशीनाशकाची प्रक्रिया केली असेल तर मुळं फुटेपर्यंत थांबा.