पात्याला प्ले आहे की नाही? घडीचा चाकू तपासताना या चुका टाळा

घडीचा चाकू उघडला, पातं जरा हललं (यालाच ‘प्ले’ म्हणतात), की हात थेट पिव्हटच्या, म्हणजे पातं ज्या आसावर फिरतं त्याच्या, स्क्रूकडे जातो. पण स्क्रू आवळून एकाच जातीचा प्ले जातो. आपल्या चाकूत तोच आहे का, हे आधी ठरवावं लागतं.

दिशा न बघता स्क्रू आवळणं

डावी-उजवीकडे हलणारं पातं म्हणजे पिव्हटचा प्रश्न: पात्याचं बूड, वॉशर आणि लायनर (मुठीच्या आतली धातूची पट्टी) यांच्यात फट राहिली आहे. वरखाली हलणारं पातं म्हणजे बहुतेकदा लॉकचा. उघड्या पात्याचं बूड एकीकडे स्टॉप पिनवर (पात्याला उघडताना थांबवणाऱ्या खिळीवर) टेकतं आणि दुसरीकडून लॉक त्याला अडवतो. या दोघांच्या मध्ये ते घट्ट बसलं नाही, की डुलतं. कधी पिव्हटचं भोकच झिजलेलं असतं. यातलं काहीही आवळून भरत नाही. उलट पातं जड फिरायला लागतं आणि डुलणं तसंच राहतं.

टोक धरून हलवणं

टोकाशी सगळंच मोठं दिसतं. बुडाशी १० मिमी रुंदीत ०.०५ मिमी फट असेल, तर ८ सेंमी पात्याच्या टोकाला तीच जवळजवळ ०.४ मिमी होते. शिवाय पातळ पातं टोकाशी वाकतंही, आणि ते वाकणं प्ले म्हणून खपतं.

आधी धारेवर जाड टेप लावा. मूठ पिव्हटच्या लगेच मागे धरा, पातं मध्यावर दोन्ही सपाट बाजूंनी चिमटीत पकडा आणि बेताच्या जोराने इकडे-तिकडे करा. खरा प्ले असेल तर पातं क्षणभर मोकळं सरकतं आणि ‘टक्’ करून थांबतं. चिमटीतल्या बोटांना ते स्पष्ट कळतं. नुसता लवचिकपणा असेल तर जोर वाढेल तसं पातं वाकत जातं, मध्ये कुठे थांबत नाही. प्लॅस्टिकची मूठ पिळवटली जाते तेव्हाही असंच वाटतं. लायनर नसलेल्या हलक्या चाकूत हे हमखास फसवतं.

वरखाली तपासताना मूठ दोन्ही बाजूंनी दाबून धरा. पातं मिटताना ज्या वाटेने येतं, त्या वाटेत एकही बोट नको. पात्याच्या पाठीवर, म्हणजे बिनधारेच्या कडेवर, हलका दाब पुरे. पाठ टेबलावर आपटून लॉकची परीक्षा घेणारेही आहेत. त्याने प्ले मोजला जात नाही, चांगला लॉक मात्र झिजतो.

लॉकचा प्रकार विसरणं

स्लिप जॉइंटला लॉकच नसतो. स्प्रिंग पातं नुसतं दाबून धरतो, म्हणून मिटायच्या दिशेने दाबलं की ते हलणारच. बॅक लॉकमध्ये (मुठीच्या पाठीतली दांडी पात्याच्या खाचेत अडकते) किंचित वरखाली हालचाल नव्या चाकूतही सापडते. लायनर लॉक किंवा फ्रेम लॉकमध्ये (लायनरची किंवा मुठीच्या चौकटीचीच पट्टी पात्याच्या बुडामागे सरकते) मात्र ती खपवून घेऊ नका. लॉकची पट्टी सरकत पलीकडच्या लायनरला टेकली असेल, तर ती झिजली आहे. असा चाकू जोराच्या कामाला वापरू नये.

त्याआधी स्टॉप पिन आणि लॉकची टेकणारी बाजू कापसाच्या काडीने, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. खिशातला कापूस तिथे दडपून बसला की लॉक पूर्ण बसत नाही आणि चांगला चाकूही डुलतो. लॉकच्या टेकणाऱ्या बाजूला तेल नको, ती घसरते.

एकदम आवळणं

पिव्हटआधी मुठीचे स्क्रू बघा. ते सैल असले तरी पातं हलतं. बहुतेक ठिकाणी टी६ किंवा टी८ टॉर्क्स (सहा टोकांच्या ताऱ्याच्या आकाराची बिट) लागतो. बिट पूर्ण आत बसली नाही तर स्क्रूचं डोकं खराब होतं. एका वेळी आठवा भाग फेरा, मग उघडमीट करून बघा. प्ले गेला आणि पातं न घासता फिरलं, की थांबा. बेअरिंगवर फिरणारं पातं जास्त आवळलं तर खरखरायला लागतं.

स्क्रू पुन्हा सैल होत असेल तर आट्यांवर निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा) टिपका लावा, अगदी बेताचा. तो वॉशरपर्यंत ओघळला तर पातं चिकटतं. लाल नको, तो पुढे गरम केल्याशिवाय सुटत नाही.

रिव्हेटच्या (स्क्रूऐवजी ठोकून बसवलेल्या खिळीच्या) चाकूला फिरवायला काही नसतंच. रिव्हेट हातोडीने ठोकून फट मिटवता येते, पण ठोका जास्त पडला तर पातं जाम होतं किंवा मुठीला तडा जातो. थोडाच प्ले असेल तर तो राहू द्या.