नाचणीला मोड आणून घरी पीठ कसं करायचं, आणि कोंडा का फेकायचा नाही

नाचणीत कॅल्शियम असतं हे आता सगळ्यांनाच माहितीये. 100 ग्रॅममध्ये साधारण 350 मिलिग्रॅम, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या जवळपास तिप्पट, गव्हाच्या पिठात तर 30 च्या आसपासच. पण नाचणीत फायटिक अ‍ॅसिड आणि टॅनिनही असतं, ते कॅल्शियम आणि लोह धरून ठेवतं, त्यामुळे आहे तेवढं सगळं अंगी लागत नाही. मोड आणले की हे बरंच कमी होतं, त्यासाठीच हा खटाटोप. दिवस तीन-चार जातात पण हाताला काम फार नसतं.

एक किलो नाचणी (नाशिककडे नागली म्हणतात) सुपात पाखडून घ्या आणि मग रोळून घ्या. नुसतं निवडून भागत नाही कारण दाणा मोहरीएवढा आणि खडेही तेवढेच. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घालून गोल ढवळायचं आणि वरवरची नाचणी चाळणीत ओतत जायचं, खडे तळाला राहतात. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत चार-पाच वेळा करा.

रात्री भिजत घाला, 10-12 तास. सकाळी पाणी काढून चाळणीत अर्धा तास तरी निथळू द्या, इथे घाई नको. मी एकदा जुलैत तशीच ओली नाचणी फडक्यात बांधून ठेवली, दुसऱ्या दिवशी उघडली तर आंबूस वास आणि मधे हात लावला तर चिकट, सगळीच टाकावी लागली, फार वाईट वाटलं. निथळलेली नाचणी ओलसर पंच्यात सैल बांधायची, पाणी गळायला नको, नुसती ओल हवी. उन्हाळ्यात 24 तासांत पांढरे बारीक मोड दिसतात, थंडीत दीड-दोन दिवस लागतात.

मग पसरून वाळवायची, दोन दिवस कडक ऊन. मूठभर घेऊन हलवली की खुळखुळ वाजली पाहिजे आणि दातांत कटकन फुटली पाहिजे, नाहीतर पिठाला नक्की बुरशी येणार. हातावर चोळून मोड झाडून टाका आणि कढईत मंद आचेवर जेमतेम गरम करा. खमंग भाजू नका, मोड येताना दाण्यात स्टार्च (पिष्ट) फोडणारं एन्झाइम तयार होतं ते जास्त उष्णतेने जातं. त्याच्यामुळे मोडाच्या पिठाची पेज पातळ होते आणि बाळाच्या छोट्याशा वाटीत जास्त पीठ मावतं, म्हणजे तेवढ्याच घासात जास्त पोषण.

आता दळण. आपल्याकडे सत्त्व म्हटलं की वस्त्रगाळ करायचं आणि कोंडा टाकून द्यायचा अशीच सवय आहे, पण नाचणीचं बरंचसं कॅल्शियम आणि फायबर त्या सालातच असतं हो! बाळासाठी गाळा, त्यांना कोंडा पचायला जड जातो. मोठ्यांसाठी मात्र अजिबात गाळू नका, आणि बाळाचा निघालेला कोंडा घरच्या भाकरीच्या पिठात मिसळा, भाकरी थोडी खरबरीत होते एवढंच. घरात कोणाला ग्लुटेन चालत नसेल तर गिरणीत गव्हानंतर लगेच दळून घेऊ नका, नाचणीत ग्लुटेन नसतं पण जात्यात गहू उरलेला असतो.

पेज करताना दोन चमचे पीठ आधी गार पाण्यात कालवा, गरम पाण्यात टाकलं की गुठळ्या होणारच. मग मंद आचेवर सात-आठ मिनिटं ढवळत राहा, रंग गडद होऊन चकाकी आली की झाली. बाळाला सहा महिने पूर्ण झाल्यावरच द्या, डॉक्टरांना विचारून, आणि वर्षाच्या आत मीठ, साखर, गूळ, मध काहीच नको. मोठ्यांनी ताक, जिरं, मीठ घालून आंबील करावी, वर लिंबू पिळलं तर लोह शोषायला मदत होते, चहा मात्र तासाभराने घ्या. पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात महिनाभर टिकतं, पावसाळ्यात फ्रीजमध्येच ठेवा आणि चमचा कोरडा घाला.